रोमला पहिल्यांदा जाताना: मनात काय धरून निघायचं

रोममध्ये पहिल्याच दिवशी अनेकांचा हिरमोड होतो, आणि तो बहुधा फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत होतो. चित्रांत पाहिलेल्या संगमरवरी महालांऐवजी समोर अर्धवट खांब, विटांचे ढिगारे आणि गवत. वर ऊन, आणि कशाला काय म्हणायचं तेही कळत नाही. ही निराशा टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की हवी: रोममध्ये जे वापरात राहिलं तेच उभं राहिलं. ज्याचा वापर सुटला ते लोकांनी दगडांची खाण म्हणून वापरलं. पँथिऑन हे प्राचीन देऊळ जवळजवळ अखंड आहे, कारण इ.स. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं. सम्राट हेड्रियनची समाधी किल्ला झाली म्हणून ती आज कास्तेल सांतांजेलो या नावाने उभी आहे. दोमिशियनचं स्टेडियम गेलं, पण त्याच्या बैठकांच्या पायावर घरं उठली, म्हणून पियात्सा नावोनाचा चौक आजही धावपट्टीसारखा लांबुळका आहे.

फोरममध्येच याचा उत्तम नमुना आहे. अँटोनिनस आणि फॉस्टिना यांच्या देवळाचे उंच खांब शोधा. त्यांच्या मागे चर्चची भिंत दिसेल आणि तिच्यात एक हिरवट दरवाजा, पण तो जमिनीपासून कितीतरी मीटर वर अधांतरी. दरवाजा चुकीच्या जागी बसवलेला नाही. देवळात चर्च बांधलं तेव्हा जमीन तिथवर भरलेली होती. नंतर उत्खनन करून ती खाली नेली. खांबांच्या वरच्या टोकाशी तिरक्या खाचा दिसतात. खांब ओढून पाडण्यासाठी दोर बांधले होते त्यांच्या त्या खुणा, असं मानलं जातं. या एका देवळासमोर पाच मिनिटं उभं राहिलात की बाकीचा फोरम वाचता येऊ लागतो.

किती दिवस, कधी

चार पूर्ण दिवस हा किमान हिशोब. तीन दिवसांत कोलोसियम, व्हॅटिकन आणि मधला जुना भाग उरकतो, पण खरोखर उरकतोच. दोन दिवस असतील तर व्हॅटिकन म्युझियम सोडून द्या आणि शहर पायी फिरा. हे अनेकांना पटत नाही, पण गर्दीतून तीन-चार तास सरकत जाण्यात अर्धी सहल खर्ची पडते.

एप्रिल, मे आणि ऑक्टोबर हे चालायला सगळ्यांत चांगले महिने, आणि म्हणून गर्दीचेही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि फोरममध्ये सावली फारशी नाही. १५ ऑगस्टच्या आसपास गावातले लोक सुट्टीवर जातात, तेव्हा गल्लीबोळांतली छोटी खाणावळ आणि दुकानं बंद मिळतात. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी दुर्लक्षित महिने आहेत: पाऊस असतो, दिवस लहान असतो, पण रांगा आखूड असतात. २९ जून हा संत पीटर आणि पॉल यांचा दिवस, शहराची सुट्टी. त्या दिवशी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. गर्दीच्या मोसमात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रौढांची व्हिसा फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने वैध हवा, १० वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. एकाच सहलीत तीन-चार देश असतील तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री आहेत त्याच्याकडे अर्ज करायचा. ही चूक नेहमी होते: विमान रोमला उतरतं म्हणून इटलीकडे अर्ज आणि मुक्काम मात्र दुसरीकडे जास्त.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी इलेक्ट्रॉनिक नोंदणी सुरू झाली आहे. तिथे रांग लांबू शकते, म्हणून उतरल्यापासून दोन तासांच्या आतलं कुठलंही बुकिंग करू नका.

हॉटेलच्या ऑनलाइन किमतीत शहराचा मुक्काम कर बहुतेकदा धरलेला नसतो. तो माणशी, रात्रीमागे, तिथे जाऊन वेगळा भरायचा. तीन तारांकित हॉटेलला ६ युरो, चार तारांकितला साडेसात, जास्तीत जास्त १० रात्री. १० वर्षांखालच्या मुलांना माफ. दोघांच्या पाच रात्री म्हणजे साठ-पंचाहत्तर युरो. हॉटेलवाला फसवतोय असं समजून काउंटरवर वाद घालू नका. (या लेखातले दर २०२५ मधले आहेत, निघण्यापूर्वी अधिकृत साइटवर पाहून घ्या.)

तिकिटं: याच क्रमाने काढा

आधी कोलोसियम. साधं तिकीट १८ युरोंचं, त्यात फोरम आणि पॅलेटाइन टेकडी धरलेली असते. ते २४ तास चालतं, पण कोलोसियममध्ये एकदा आणि फोरम-पॅलेटाइनमध्ये एकदाच प्रवेश. पाणी प्यायला म्हणून फोरमच्या बाहेर पडलात तर परत आत घेत नाहीत. तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी अधिकृत साइटवर खुली होतात आणि सकाळच्या वेळा लगेच संपतात. तिकिटावर प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं आणि दारावर ओळखपत्र बघतात, म्हणून नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा. १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे, तरी त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट काढावं लागतं. ते न काढल्यामुळे कुटुंबं दारात अडकतात. तळघरातले बोळ, म्हणजे जिथे जनावरं आणि ग्लॅडिएटर थांबत, ते पाहायचे तर २४ युरोंचं वेगळं तिकीट लागतं. मोठी बॅग आत नेता येत नाही आणि सामान ठेवायची सोयही नाही. काचेची बाटली चालत नाही.

बाहेर 'रांग चुकवा' म्हणत तिकिटं विकणारे भेटतात. सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही. ते फार तर तिकीट खिडकीची रांग चुकवतात, आणि ती तुम्ही ऑनलाइन तिकीट काढून केव्हाच चुकवलेली असते.

महिन्याचा पहिला रविवार इथे फुकट असतो. त्या दिवशी जाऊ नका. वेळ आरक्षित करता येत नाही आणि वाचलेल्या अठरा युरोंच्या बदल्यात सकाळ रांगेत जाते.

आत गेल्यावर दोन गोष्टी मुद्दाम पाहा. भिंतींवर सगळीकडे पडलेली भोकं गोळ्यांची नाहीत. दगड एकमेकांना जोडायला आत लोखंडी आकडे होते, ते मध्ययुगात लोकांनी धातूसाठी खणून नेले. आणि बाहेरच्या शाबूत बाजूला तळमजल्याच्या कमानींवर रोमन आकडे कोरलेले दिसतात, २३ पासून ५४ पर्यंत. एकूण ८० कमानी होत्या. हे प्रवेशद्वारांचे क्रमांक. आपापल्या क्रमांकाच्या दाराने लोक आत जात. चोपन्न हा आकडा शाळेत शिकवतात तसा नाही, चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे. बाकीच्या कमानी गेल्या कुठे? १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची भिंत कोसळली आणि तो दगड शहराने बांधकामाला वापरला.

दुसरं तिकीट व्हॅटिकन म्युझियमचं, २० युरो आणि ऑनलाइन आरक्षणाचे ५. साधारण दोन महिने आधी मिळतं. रविवारी बंद, फक्त शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडतं, आणि तेव्हाची गर्दी पहिल्या रविवारच्या कोलोसियमपेक्षा वाईट. म्युझियमचं दार सेंट पीटर चौकात नाही. ते उत्तरेच्या तटाला, व्हियाले व्हॅटिकानो या रस्त्यावर आहे. चौकात पोचलात तर तटाला वळसा घालून पंधरा मिनिटं चालावं लागतं, आणि वेळ गाठायची असताना हीच पंधरा मिनिटं महाग पडतात. सिस्टीन चॅपेल वाटेच्या अगदी शेवटी येतं. आधीच्या दालनांत सगळं पाहायच्या हट्टाने माणूस इतका थकतो की छताकडे मान वर करायचं त्राण उरत नाही. नकाशांचं दालन आणि राफाएलच्या खोल्या पाहा, बाकीच्यातून चालत राहा. छत जवळजवळ २० मीटर उंचीवर आहे, चित्रं वाटतात त्यापेक्षा लहान दिसतात. मायकेलँजेलोने ते १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं. समोरच्या भिंतीवरचा 'अंतिम न्याय' त्यानंतर वीसेक वर्षांनी सुरू केला. भिंतीलगत बाकं आहेत. जागा रिकामी होईपर्यंत थांबा आणि बसून पाहा. फोटो आणि मोठ्याने बोलणं मना आहे.

सेंट पीटर बॅसिलिका हे मोठं चर्च फुकट आहे, पण तपासणीची रांग लागते. सकाळी सात-साडेसातला गेलात तर ती जवळजवळ नसते. बुधवारी सकाळी चौकात पोपचं दर्शन असलं की बॅसिलिका दुपारपर्यंत बंद. घुमटावर चढायला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटी वाट घुमटाच्या वळणाबरोबर तिरकी आणि अरुंद होते. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर वर जाऊ नका, मधूनच मागे फिरता येणं अवघड आहे.

बोर्गेझे गॅलरीला आरक्षणाशिवाय प्रवेशच नाही, दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात, सोमवारी बंद. एकच संग्रहालय पाहायचं असेल तर व्हॅटिकनऐवजी हे पाहा. बर्निनीच्या 'अपोलो आणि डॅफ्नी' या शिल्पाभोवती सावकाश एक फेरी मारा: मागून फक्त धावणारा माणूस दिसतो, पुढे येत जाल तशी मुलीच्या बोटांना पानं फुटताना दिसतात.

पँथिऑनला २०२३ पासून ५ युरो पडतात. पाऊस असेल तर आवर्जून जा. घुमटाच्या माथ्यावर सुमारे ९ मीटरचं भोक आहे, त्याला काच नाही. पाऊस सरळ आत पडतो आणि किंचित उतार असलेल्या फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो.

दिवसाला वेळ बांधलेलं एकच तिकीट, फार तर दोन. याहून जास्त लावलीत तर दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो.

विमानतळावरून शहरात

फ्युमिचिनो विमानतळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला नेते, १४ युरो. एफएल-१ ही लोकल ८ युरोंची, पण ती तेर्मिनीला जात नाही. त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिना या स्टेशनांवर थांबते. मुक्काम त्रास्तेव्हेरेत असेल तर हीच सोयीची. पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचं भाडं जुन्या तटबंदीच्या आत ठरलेलं आहे, ५५ युरो, माणशी नव्हे तर अख्ख्या टॅक्सीचं आणि सामानासकट. चौघे असाल तर टॅक्सी रेल्वेइतकीच पडते. आतल्या दालनात जवळ येऊन 'टॅक्सी?' विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका, बाहेरच्या रांगेतच उभे राहा.

गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या शहरात ठराविक वेळी परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश आहे. हद्दीवर कॅमेरे आहेत, आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी भाडे कंपनीमार्फत घरी येतं.

चालणं, बस, संप

मेट्रोचं जाळं एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने तोकडं आहे, कारण मध्यभागी जिथे खणावं तिथे काहीतरी प्राचीन लागतं आणि काम थांबतं. त्यामुळे जुन्या भागात पायच खरं वाहन. रस्त्यांवर काळ्या बसाल्टचे चौकोनी दगड बसवलेले आहेत, त्यांना सांपियेत्रिनी म्हणतात. ते वरून गोलसर, पावसात निसरडे, आणि मधल्या फटीत टाच अडकते. जाड तळव्याचे, आधीपासून वापरातले बूट घाला. नवे बूट इथे पहिल्यांदा घातले की दुसऱ्या दिवशी फोड. छोट्या चाकांच्या सुटकेसची चाकं या दगडांवर तुटतात. जुन्या गल्लीत हॉटेल असेल तर मोठ्या चाकांची बॅग किंवा सॅक बरी.

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरो, १०० मिनिटं चालतं, त्यात मेट्रोची एकच फेरी. ते तंबाखूच्या दुकानात मिळतं, बाहेर पांढरा 'टी' असलेली पाटी असते. बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून शिक्का मारायचा. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, म्हणजे तपासनिसाच्या लेखी तिकीटच नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवूनही जाता येतं, मात्र एका माणसाला एक कार्ड. एकाच कार्डावर चौघांचं कुटुंब निघत नाही.

वाहतुकीचा संप, त्यांच्या भाषेत 'शोपेरो', ही नेहमीची बाब आहे आणि तो बऱ्याचदा शुक्रवारी असतो. तारीख आधी जाहीर होते. संपातही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ गाड्या सहसा चालतात. परतीचं विमान शुक्रवारी असेल तर आठवडाभर आधी 'sciopero Roma' असं शोधून पाहा.

पाणी

बाटल्या विकत घेऊ नका. शहरात सुमारे अडीच हजार 'नासोने' आहेत, म्हणजे बुटके बिडाचे नळ, १८७४ पासूनचे. नाव पडलं ते नाकासारख्या वाकड्या तोटीवरून. पाणी सतत वाहत असतं, थंड आणि पिण्याजोगं. तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबून धरा, की पाणी त्या भोकातून वर उसळतं आणि न वाकता पिता येतं. बोट हळू सरकवा, झटक्यात दाबलंत तर शर्ट भिजतो. अर्धा लिटरची एक बाटली प्रत्येकाने जवळ ठेवावी.

ट्रेव्ही कारंज्यातलं पाणी इ.स.पू. १९ मध्ये अग्रिपाने बांधलेल्या पाटाच्याच वाटेने येतं. मात्र त्यात पाय घालणं किंवा उतरणं गुन्हा आहे. कारंजं निवांत पाहायचं तर सकाळी सातच्या आत. तसंच स्पॅनिश स्टेप्सवर २०१९ पासून बसायला बंदी आहे, दंड ४०० युरोंपर्यंत जाऊ शकतो.

जेवण, विशेषतः शाकाहारी

खाणावळींची स्वयंपाकघरं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. चार वाजता भूक लागली तर 'पिझ्झा अल तालिओ' शोधा: मोठ्या ताटातला पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात. पाटीवरचा भाव कधी किलोचा असतो, कधी 'एत्तो'चा म्हणजे १०० ग्रॅमचा. कुठे कापायचं ते आपण हाताने दाखवायचं.

कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात तर तिचा दर वेगळा, आणि मोठ्या चौकात तो कित्येक पट. गर्दीच्या बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची. सार्वजनिक शौचालयं कमी आहेत, म्हणून एक कॉफी घेऊन बारमधलं वापरणं हा इथला रिवाज समजा. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. ते दुर्लक्ष नसतं, उठवणं त्यांना असभ्य वाटतं. टिप सक्तीची नाही.

शाकाहारी माणसाचं रोममध्ये छान भागतं, फक्त नावांवर विसंबू नका. कार्बोनारा आणि आमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस असतं. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे निरुपद्रवी दिसतात, पण आत बहुधा खिम्याचा रस्सा असतो. भोपळ्याच्या तळलेल्या फुलांत आणि पुंतारेल्ले या कडवट पालेभाजीच्या कोशिंबिरीत अँकोव्ही मासा घालतात. काचो ए पेपे म्हणजे पास्ता, चीज आणि मिरी, इतकंच. मात्र पेकोरिनो रोमानो हे चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. हे चालत नसेल तर पास्ता अल पोमोदोरो 'सेंत्सा फोर्माज्जो', चीज न घालता, मागा. पिझ्झा मारिनारात मुळातच चीज नसतं: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. जुन्या ज्यू वस्तीत मिळणारं अख्खं तळलेलं आर्टिचोक हिवाळा ते वसंतात नक्की खा, पाकळ्या कुरकुरीत होऊन फुलासारख्या उघडतात. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासा नको. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासा चालेल असं कधीकधी समजतात.

चोऱ्या

हिंसेचा धोका कमी, खिसेकापूंचा खरा. तेर्मिनी स्टेशन, मेट्रोची ए लाइन, व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आणि ट्रेव्हीची गर्दी या त्यांच्या जागा. दार बंद होण्याच्या क्षणी गर्दी अंगावर रेटते, तोच क्षण. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, पण नावाच्या तिकिटाच्या दिवशी तो कपड्यांच्या आत गळ्यातल्या पिशवीत असू द्या. दोन कार्डं दोन माणसांकडे. मनगटात धागा बांधायला किंवा हातात गुलाब द्यायला कुणी आलं तर हात मागे घेऊन चालत राहा. चोरी झालीच तर पोलिसांकडे 'देनुंचा', म्हणजे तक्रार, नोंदवून प्रत घ्या, विमा आणि दूतावास दोघांनाही तीच लागते. आणीबाणीचा क्रमांक ११२.

चर्चमध्ये

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. मोठ्या बॅसिलिकांच्या दारातून हाफ पँटवाल्यांना परत पाठवतात. लहान चर्च दुपारी साडेबारा-एकपासून तीन-चारपर्यंत बंद, म्हणून ती सकाळी किंवा संध्याकाळी ठेवा. सान लुइजी देइ फ्रांचेझीमध्ये काराव्हाज्जोची तीन मोठी चित्रं फुकट पाहता येतात. तिथे अंधार असेल तर बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. सुटी नाणी जवळ ठेवा.

शेवटच्या दिवसावर एक जागा ढकलू नका, ती पहिल्याच दिवशी पाहा: कोलोसियमपासून पाचेक मिनिटांवरचं सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकातलं चर्च. त्याच्या पोटातून जिना उतरलात की चौथ्या शतकातलं चर्च, १८५७ मध्ये खणताना सापडलेलं. आणखी खाली पहिल्या शतकातल्या इमारती, अरुंद गल्ली, मिथ्र देवाचं पूजास्थान. तळाशी भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो. वरचं चर्च फुकट, खालच्या थरांना तिकीट. दुपारी बंद असतं. खाली ओल आणि गारवा आहे, उन्हाळ्यातही अंगावर घ्यायला काहीतरी न्या.